विश्वनाथबाबांचा रस्ता

कुठल्याही डोंगरावर काम सुरू करायचं असलं की विश्वनाथबाब आधी त्याच्या पायथ्याला जात आणि तिथलं पाणी पीत. तहान असो वा नसो. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, थोडा वेळ तसंच धरायचं, सावकाश गिळायचं आणि मग मान वर करून डोंगराकडे बघायचं. मला हे पहिल्याच दिवशी बघायला मिळालं असतं, पण त्या दिवशी मी डोंगराच्या माथ्यावर उन्हात त्यांची वाट बघत बसले होते आणि मनातल्या मनात चिडत होते.

मी गोव्यातल्या कारापूरची. डिचोलीला एका खासगी मोजणीदाराकडे नकाशे काढायचं काम करत असे. सत्तरी तालुक्याच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरधारेवर एका कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. मोजणीसाठी त्यांना इथलं माणूस हवं होतं, म्हणून मी तिथे लागले. रस्त्याचे मुख्य अभियंता म्हणून विश्वनाथबाबांना नेमलं होतं. सकाळी माथ्यावर भेटायचं ठरलं होतं. आम्ही यंत्र लावून बसलो, ऊन चढलं, तरी त्यांचा पत्ता नाही. शेवटी दरीच्या बाजूने, जिथून कोणी येईल असं वाटलंच नव्हतं तिथून, झाडी बाजूला करत एक बुटका, थोडा पुढे झुकलेला माणूस वर आला. डोक्याला कापडी टोपी, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"साहेब, आम्ही कधीपासून वर थांबलोय," मी म्हटलं.

"बाय," ते दगडावर टेकत म्हणाले, "वरसून सगळेच डोंगर देखणे दिसतत. तो कसो आसा तां पायथ्याक विचारूचा लागता."

दुसऱ्या दिवशी ते मलाही खाली घेऊन गेले. धारेच्या पायथ्याशी पाच-सहा घरांची वाडी होती आणि तिच्या डोक्यावर सगुणामावशीचं कुळागर. कुळागर म्हणजे पोफळीची बाग. पोफळींना मिरीचे वेल, मधून केळी, जायफळाची दोन जुनी झाडं. या सगळ्याला पाणी कुठून, तर बागेच्या वरच्या अंगाला माट्टीच्या एका मोठ्या झाडाच्या मुळांखालून झर फुटली होती. ती पाटाने बागेत फिरायची आणि खाली वाडीच्या डोणीत, म्हणजे दगडी टाक्यात, पडायची. सगुणामावशीचा नवरा वारलेला, मुलगी वाळपईला दिलेली. ती एकटी त्या बागेला धरून होती.

विश्वनाथबाब तिथलं पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "वयनी, ह्यां पाणी आटता कधी?"

"आटाक नाय कधी. सासऱ्यान बघूक नाय, मियांय बघूक नाय."

"वर वाऱ्याचे पंखे येतले. त्येंचो रस्तो मी करतलंय."

ती हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. "मगे पाणी?"

"पाण्याक काय जावचा नाय. मी आसंय मां."

हे "मी आसंय" ते सहज बोलून गेले नव्हते. वर चढताना त्यांनी दोनदा थांबून मागे त्या झरीकडे बघितलं. पुढे जे झालं त्यानंतर मला ते दोन शब्द पुष्कळदा आठवले, आणि त्यांना तर ते एक दिवस विसरता आले नाहीत.

ते मूळचे पेडण्याचे, पण उभा जन्म गेला पाळीला, खाणीवर. अभियांत्रिकी शिकून आले आणि एका खाणीवर लागले, ते खाणी बंद पडेपर्यंत तिथेच. डोंगर कसा कापायचा, कुठून उतरवायचा, माती कुठे टाकायची, हेच त्यांचं काम. त्यांच्या बायकोचं, शैलावहिनींचं, माहेर त्याच खाणीच्या पायथ्याच्या गावातलं. दर पावसाळ्यात खाणीवरची माती वाहून शेतात यायची. आधी बांधापर्यंत, मग बांधावरून आत. शेवटी त्यांच्या सासऱ्यांनी वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करायचंच सोडलं. एका लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, काही राग न करता म्हातारा म्हणाला होता, "जांवयबापू, तुमच्या डोंगरान आमचा वायंगण खाल्ला." विश्वनाथबाब पानावरून उठले नाहीत, जेवण संपवलं. पण त्यानंतर ते कधी सासरवाडीला जेवले नाहीत. हे मला वहिनींनी सांगितलं. ते स्वतः एवढंच म्हणत, "माका डोंगर कापूक येता. ठेवक कोणी शिकयलाच नाय."

म्हणूनच पवनचक्क्यांचं काम आलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. वाळपईच्या बाजारात एका छोट्या हॉटेलात आम्ही सकाळी पातळ भाजी आणि उंडे खायचो. उंडा म्हणजे आमच्याकडचा गोल, कडक कवचाचा पाव. तो भाजीत बुडवून खाताना ते लहान मुलासारखे खुलायचे. "वारो खणूचो लागणा नाय बाय. बार्जीत भरून परदेशात न्हेवचो लागणा नाय. आज घेतलो तरी उद्या आसाच. असां काम आयुष्यात एकदा तरी मिळाक होया." गावात लोक त्यांना हसायचे, खाणवाला आता पंखेवाला झाला म्हणायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. या एका कामाने आपला जुना हिशेब थोडा तरी हलका होईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना जीव जड होतो.

ज्यांनी पवनचक्की उभी राहताना पाहिली नाही त्यांना वाटतं, रानाचं नुकसान खांब करतात. खांब एवढीशी जागा घेतो. घात करतो तो रस्ता. एकेक पातं इतकं लांब असतं की ते आडवं घालून आणणाऱ्या गाडीला वळण घ्यायला अख्खी टेकडी बाजूला करावी लागते. वर क्रेन उभी करायला मैदान लागतं, पाती जमिनीवर जुळवायला आणखी मोठं मैदान लागतं, आणि वीज खाली आणायला रानातून तारांचा पट्टा कापावा लागतो. कंपनीच्या पहिल्या आराखड्यात हे सगळं होतं. विश्वनाथबाबांनी तो आराखडा साइट ऑफिसच्या मेजावर पसरला आणि प्रकल्प व्यवस्थापक खेर साहेबांना म्हणाले, "साहेब, एवढं रान कापायची गरज नाही. मी दाखवतो."

कंपनीच्या माणसांशी ते शुद्ध मराठीत बोलत, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. त्यांनी दाखवलं की लाकडं वाहायचा जुना रस्ता धारेच्या अर्ध्यापर्यंत जातोच आहे, नवा कापायला नको. दाट रानातल्या घळीत धरलेल्या पवनचक्क्या थोड्या सरकवल्या तर उघड्या सड्यावर येतात. तिथे कातळच आहे, आणि घळीतल्या ककणेरांच्या, म्हणजे धनेशांच्या, ढोल्याही वाचतात. पाती खाली जुळवायची नाहीत, एकेक करून वरच चढवायची, म्हणजे मोठं मैदान लागत नाही. तारा रस्त्याच्याच कडेने जमिनीखालून न्यायच्या. आणि सगळ्यांत मुख्य, पातं आडवं आणायचंच नाही. पातं बुडाशी पकडून तिरकं उभं धरणारी एक गाडी असते. ती आणली तर वळणं रुंद करावी लागत नाहीत, पातं झाडांच्या डोक्यावरून फिरतं.

खेर साहेब पुण्याचे, सरळ मनाचे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि जवळपास सगळं मान्य केलं. एक अटही मान्य केली, की पावसाळ्याच्या आधी पुरेसे दिवस राखून खोदकाम थांबवायचं, आणि निघालेली माती डोंगरावर ठेवायची नाही, खालच्या जुन्या बंद खाणीच्या खड्ड्यात नेऊन टाकायची. त्या दिवशी विश्वनाथबाब मला म्हणाले, "बघ, मनशाक सांगला तर मनीस आयकता. आमी खाणीर कधी सांगलांच नाय."

ग्रामसभेत मात्र त्यांना बोलणी खावी लागली. लोकांना कंपनीच नको होती. कोणीतरी ओरडून म्हणालं, "पाळीचो डोंगर खाल्लास, आता हो खावक इलंस?" ते उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "होय, खाल्लंय. म्हणानच सांगतंय, कसो खावचो नाय तां माका म्हायत आसा." लोकांचा विरोध गेला नाही, पण त्यांच्यावर कोणी पुन्हा ओरडलं नाही.

पहिला हंगाम चांगला गेला. त्यांनी रस्त्याची झाडागणिक आखणी केली. वरची काळी माती वेगळी काढून गवताने झाकून ठेवायला लावली. "ही कातडी. मांस भरान येता, कातडी येणा नाय," असं ते मजुरांना सांगत. प्रत्येक ओहोळाला मोरी, प्रत्येक मोरीखाली दगडी पायऱ्या, पाणी उडी मारून न उतरता चालत उतरावं म्हणून. महिन्यातून एकदा ते खाली जाऊन सगुणामावशीच्या झरीचं पाणी पिऊन येत. ती त्यांच्यासाठी केळी बाजूला ठेवायची. त्या काळात मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

मग उभं पातं धरणारी गाडी आली नाही.

ती दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कामावर अडकली होती. आज येईल, पुढच्या आठवड्यात येईल, असं करत हिवाळा गेला. बंदरावर पाती येऊन पडली. भाड्याची मोठी क्रेन नुसती उभी राहिली. मुख्य कार्यालयातून खेर साहेबांना रोज फोन यायला लागले, आणि प्रत्येक फोननंतर त्यांचा चेहरा थोडा अधिक उतरायचा. उन्हाळा वर आला तेव्हा ते म्हणाले, "विश्वनाथराव, आता थांबता येणार नाही. वळणं रुंद करावी लागतील."

"दिवाळीपर्यंत थांबा साहेब. पाऊस जाऊ द्या. गाडी येईल."

"वरचे ऐकत नाहीत. मी खूप सांगून पाहिलं."

"मग मला त्यांच्यापुढे उभं करा."

ते पणजीला जाऊन वरच्यांपुढे उभेही राहिले. त्या बैठकीत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आले ते एक सौदा घेऊन आले. बाकीची सगळी वळणं तशीच राहतील, तिथे पाती छोट्या ट्रॉलीवर घेऊन इंच इंच पुढे नेतील. पण एक वळण, सगळ्यांत अवघड, ते आत्ता कापायचं. ते वळण नेमकं सगुणामावशीच्या झरीच्या वर होतं.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही राजीनामा का देत नाही?"

त्यांनी मेजावरचा आराखडा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "मी गेलंय तर उद्या दुसरो येतलो. तो सगळीच वळणां कापतलो. एक देवन बाकीची राखूची, आणखी काय हातात आसा?" त्यांचा आवाज असा मी आधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या वळणावरच्या झाडांवर त्यांनी स्वतः चुन्याच्या खुणा केल्या. मजूर आम्ही करतो म्हणत होते, त्यांनी करू दिलं नाही.

माती खड्ड्यात नेण्यासाठी गाड्या मिळतील असं ठरलं होतं. त्यांतल्या थोड्याच आल्या. विश्वनाथबाब दिवसभर वळणावर उभे राहून प्रत्येक गाडी भरून खाली जाताना बघायचे. मग एका दुपारी त्यांना पुन्हा पणजीला बोलावलं. त्या एका दुपारी ठेकेदाराच्या माणसांनी काम उरकायचं म्हणून उरलेली सगळी माती यंत्राने दरीच्या अंगाला लोटून दिली. मी माथ्यावर मोजणीत होते, आवाज ऐकून धावत आले तोवर लाल मातीची जीभ झाडांच्या बुंध्यांतून खाली उतरलेली होती. मी ओरडले, यंत्र थांबलं, पण लोटायचं राहिलं होतं ते फार थोडं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते आले. कडेला उभे राहून त्यांनी खाली बघितलं आणि रस्त्यातच बसले. रागावतील, कोणाला तरी धरतील असं मला वाटलं होतं. ते इतकंच म्हणाले, "थंय यंत्र उतराचा नाय."

आणि खरंच, त्या उतारावर यंत्र उतरणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माणसं लावली. घमेल्यांनी माती वर ओढायची, खाली चिऱ्यांचा बांध घालायचा, बाकीच्यावर ताडपत्री, गवताची रोपं. कंपनीने थोडे मजूर दिले, बाकीचे त्यांनी ओळखीपाळखीतून आणले. एके दिवशी शैलावहिनी त्यांचा डबा घेऊन आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि पदर खोचून घमेलं उचलू लागल्या. मलाही उभं राहवेना, मीही उचललं. रोज वाटायचं, आज ढीग कमी दिसतोय. रोज खाली जाऊन बघितलं की तो तसाच दिसायचा.

मे सरत आला तेव्हा ते खाली सगुणामावशीकडे गेले. मी सोबत होते. म्हणाले, "वयनी, मी तुका सांगललंय तां खोटां जातला काय, असां माका दिसता."

ती पाटाशी वाकून पाणी वळवत होती. "मगे आता काय करूचा?"

त्यांच्यासाठी काढून ठेवलेली केळी तिने तरीही दिली. ते ती हातात घेऊन वाडीच्या बाहेरपर्यंत आले आणि मला म्हणाले, "ही तू घे."

पाऊस सुरू झाला. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, बांध टिकला. रोज सकाळी ते रेनकोट घालून बांधावर जायचे, हाताने चिरे दाबून बघायचे. मला वाटायला लागलं होतं की निभावलं. श्रावणात मग सलग पाऊस लागला, असा की समोरची धार दिसेना. एके दिवशी सकाळी बांधाचे चिरे सरकलेले बघून ते धावतच खाली वाडीत गेले आणि सगळ्यांना घराबाहेर काढलं. सगुणामावशी निघत नव्हती. देव पूजलेत, चूल पेटलीय, म्हणत होती. त्यांनी तिच्या चुलीवर पाणी ओतलं आणि तिचा हात धरून तिला देवळाच्या बाजूला उंचावर आणलं. इतकं कठोर काही त्यांनी कुणाशी केल्याचं मला माहीत नाही. त्यामुळे माणसं वाचली. त्या सगळ्या कामात त्यांच्या हाताला आलेलं यश ते तेवढंच.

दुपारी बांध गेला. आवाज फार मोठा झाला नाही, जाड कापड फाटावं तसा. लाल चिखल झाडं घेऊन खाली आला आणि कुळागरात शिरला. आम्ही देवळापासून बघत होतो. पोफळी एकेक करून हलायच्या, थांबायच्या, मग आडव्या व्हायच्या. ती माट्टी मुळांसकट कलली आणि झरीवर पडली. सगुणामावशीने आपला हात विश्वनाथबाबांच्या हातातून सोडवून घेतला.

नंतर अधिकारी आले, पंचायतीत बैठक झाली. कंपनीच्या माणसाने सांगितलं, अतिवृष्टीमुळे दुर्घटना झाली, नुकसानभरपाई दिली जाईल. अधिकाऱ्यांनी माना हलवल्या. मागे उभे असलेले विश्वनाथबाब पुढे आले आणि म्हणाले, "पावसानं नाही. पाऊस इथे दर वर्षी पडतो. आम्ही माती टाकली. वळण मी आखलं." खेर साहेबांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी विश्वनाथबाबांना कामावरून कमी केलं, आणि थोड्या दिवसांनी खेर साहेबांनाही दुसरीकडे पाठवलं. जाताना ते मला म्हणाले, "तुमच्या विश्वनाथरावांसारखं बोलायला मला जमलं नाही." ते खरंच बोलत होते.

घरी बसतील असं मला वाटलं होतं. पण चतुर्थी झाली आणि ते पाळीहून बस बदलत पुन्हा त्या वाडीत जायला लागले, खांद्यावर फावडं घेऊन. झर मोकळी करायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. "पाणी मरणा नाय. वाट चुकता," ते म्हणायचे. दिवसभर चिखल उपसायचे. वाडीतले लोक पहिल्यांदा टाकून बोलले. कोणी म्हणालं, आता कोणाला दाखवतोस. मग बोलणंही थांबलं. सगुणामावशी बागेच्या कडेला बसून बघायची. तिने त्यांना अडवलं नाही, मदतही केली नाही, पाणी विचारलं नाही. मी सुटीच्या दिवशी जाऊन हात लावायची. एकदा खड्ड्याच्या तळाशी ओल आली, थोडं गढूळ पाणी साचलं. त्यांचा चेहरा उजळला. दोन दिवस ते पाणी तेवढंच राहिलं, वाढलं नाही, आणि मग ऊन पडल्यावर सुकलं. पावसाचंच साचलेलं होतं ते.

त्यांचं वय आणि त्यांची छाती असल्या कामाची नव्हती. दिवाळीनंतर एका सकाळी ते घराच्या उंबऱ्यावरच खाली बसले, फावडं हातात तसंच. वहिनींनी त्यांना डिचोलीच्या इस्पितळात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, आणि चिखल उपसून उपसून नखांच्या कडा अजून लाल होत्या.

कंपनीचा दुसरा टप्पा पेडण्याच्या बाजूला येणार होता, त्यांच्याच जन्मगावाच्या मागच्या सड्यावर. मला तिथे मोजणीला बोलावलं होतं आणि मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. हे त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. त्यांना बरं वाटलं नाही.

"तू कित्याक सोडतंस?"

"मला ते पुन्हा बघायचं नाही."

"बघूचा नाय म्हणान डोळे मिटलंस तर थंय कोण बघतला?" त्यांना धाप लागत होती, मी गप्प राहा म्हटलं, तरी ते बोलत राहिले. "पात्याची गाडी आधी हाडूक लाव. गाडी दारात येयसर फावड्याक हात लावक दिव नको. माका तां सुचाक नाय. माका वाटला, गाडी येतलीच. मनशाच्या शब्दार रस्तो आखलंय मी." मग थोड्या वेळाने, खिडकीकडे तोंड करून, "वारो वायट नाय गे. वारो खय वायट आसा."

मार्गशीर्षात ते गेले. मी पेडण्याला गेले, अजून आहे. गाडी आधी आणवली, त्यासाठी फार भांडले, लोकांना नकोशी झाले. पावसाळ्याच्या खूप आधी खोदकाम थांबवलं. तिथल्या दोन देवरायांपैकी एक सबंध राहिली. दुसरीच्या कडेची झाडं गेली, मला वाचवता आली नाहीत. रोज सकाळी भीत भीतच कामावर निघते. हे धैर्य नाही, दुसरं काही सुचत नाही म्हणून जाते.

पण हे सगळं नंतरचं. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगुणामावशीला सांगायला गेले. कोणीतरी सांगायला हवं होतं. वाडीला आता पंचायतीचा टँकर येत असे. रस्त्याच्या कडेला घागरी मांडून बायका बसल्या होत्या, त्यांत थोडी बाजूला ती होती. मी शेजारी बसून सांगितलं. तिने मान हलवली आणि समोरच्या लाल मातीकडे बघितलं. तिथे एरंडाची रोपं उगवायला लागली होती.

"बरो मनीस होतो," ती म्हणाली.

मला रडू आलं. मी म्हटलं, "मावशी, त्यांना शेवटपर्यंत तुमचंच लागून राहिलं होतं."

"म्हायत आसा माका. म्हणानच तर." तिने घागरीच्या काठावरची धूळ पदराने पुसली. "वायट असतो तर बरां झालां असतां बाय. त्येच्या नावान बोटां तरी मोडूक येयत होती. आता मी कोणाच्या नावान मोडू?"

वर धारेवर आता उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांची पाती फिरत होती. वळणावर टँकरचा भोंगा वाजला, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घागर घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.